हंपी पाहायला जाताना या चुका टाळा

हंपीला जाणारे बहुतेक लोक देवळे पाहून परततात आणि शहर पाहायचे राहून जाते. इ. स. १३३६ च्या सुमारास वसलेल्या आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर उद्ध्वस्त झालेल्या विजयनगर या राजधानीचे अवशेष येथे ४० चौरस किलोमीटरांहून अधिक परिसरात पसरले आहेत. तेव्हा सकाळी जवळच्या होसपेट स्थानकावर उतरून रात्रीच्या गाडीने परतण्याचा बेत मुळातच चुकीचा आहे. किमान दोन दिवस हाताशी ठेवावेत, तेही शक्यतो थंडीतले.

हंपीजवळच्या कमलापूर गावातले संग्रहालय लोक शेवटी, उरल्या वेळात पाहतात. तेथील अंगणात हंपीची मोठी प्रतिकृती आहे. ती आधी पाहिली की डोंगर, नदी, देवळे आणि राजवाड्यांचा भाग यांची सांगड मनात पक्की बसते. शुक्रवारी मात्र संग्रहालय बंद असते.

अंतराचा अंदाजही हमखास चुकतो. विरूपाक्ष मंदिरापासून विठ्ठल मंदिरापर्यंत नदीकाठची पायवाट जेमतेम दोन किलोमीटरांची आहे, परंतु वाहनाने जायचे तर कमलापूरकडून मोठा वळसा पडतो. ऊन चढण्यापूर्वी चालतच जावे.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती राजवाड्यांच्या परिसराबद्दल. ‘इथे नुसती जोतीच उरली आहेत’ असे म्हणून लोक तेथून लगबगीने निघतात. वरचे बांधकाम लाकडी असल्याने ते नष्ट झाले, हे ध्यानात घेऊन महानवमी दिब्बा या उंच दगडी चौथऱ्याभोवती सावकाश फिरावे. त्याच्या दगडी थरांवर हत्ती, शिकारी आणि परदेशी पोशाखातले घोड्यांचे व्यापारी कोरलेले आहेत. जवळच्या पायऱ्यांच्या पुष्करणीतील काळ्या दगडांवर खाली वाकून पाहिले, तर कोणता दगड कोठे बसवायचा यासाठी कारागिरांनी कोरलेल्या खुणा आजही दिसतात.

विठ्ठल मंदिरातील नाद देणाऱ्या खांबांवर टिचकी मारण्याचा मोह कृपया आवरावा. तेथे स्पर्शास मनाई आहे आणि पूर्वीच्या पर्यटकांनी त्यांची पुरेशी झीज केली आहे. त्याऐवजी गाभाऱ्याकडे जावे. तो रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती येथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी आपली परंपरा सांगते. दगडी रथाचे छायाचित्र काढून तिथूनच माघारी फिरणाऱ्यांना हा गाभारा दिसतच नाही.