एनजी बारावर जाईपर्यंत हात आवरा

मागच्या पावसाळ्यात कोपरखैरण्याच्या घरी फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कॅरॅव्हॅन (सेसनाचं टर्बोप्रॉप विमान) घेऊन बसलो आणि सलग तीन संध्याकाळी ती सुरूच होईना. हात सेसना १७२ या पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानावर बसलेला. तिथे चावी फिरवली की पंखा फिरतो. इथे स्टार्टर लावला, घरघर ऐकू आली, पण प्रोपेलर ढिम्म. वाटलं, स्टार्ट फसला. लगेच बंद केलं.

फसला नव्हता. कॅरॅव्हॅनच्या पीटी६ इंजिनात स्टार्टर फक्त गॅस जनरेटर फिरवतो, म्हणजे हवा दाबून इंधन जाळणारा भाग. प्रोपेलरचं टर्बाइन वेगळं असतं, दोघांमध्ये दांड्याची जोड नाही, मधे फक्त गरम वायू. त्यामुळे पंखा उशिरा हलतो. बघायचं ते एनजीकडे, म्हणजे गॅस जनरेटरच्या वेगाच्या टक्केवारीकडे. तो १२च्या वर जाऊन स्थिरावला की कंडिशन लिव्हर, म्हणजे इंधन चालू-बंद करणारी दांडी, कटऑफवरून (इंधन बंद) लो आयडलला (इंजिनाचा सर्वात संथ वेग) न्यायची.

चौथ्या दिवशी एनजी १४वर, लिव्हर पुढे, तरी आयटीटीचा काटा जागचा हलेना. आयटीटी म्हणजे टर्बाइनमधलं तापमान. ते थंड, म्हणजे आत पेटलंच नाही: इंधन नाही, नाहीतर ठिणगी नाही. इग्निशनचा दिवा लागलेला, म्हणजे गोची इंधनाची. माझ्या स्वस्तातल्या क्वाड्रंटची (संगणकाला जोडायच्या लिव्हरच्या संचाची) दांडी पूर्ण ढकलली तरी पडद्यावरचा लिव्हर कटऑफमध्येच! कॅलिब्रेशन पुन्हा केलं, डेड झोन (दांडी हलूनही सिम्युलेटरला कळत नाही तो पट्टा) कमी केला, सुटलं. (तुमच्याकडेही आधी हेच तपासा.)

उलटी चूक जास्त महागात पडते. लिव्हर आधीच पुढे राहिला आणि मग स्टार्टर लावला, तर हवा पुरेशी नसताना इंधन पेटतं आणि आयटीटीचा काटा सरसर वर चढतो. हा हॉट स्टार्ट. लिव्हर ताबडतोब कटऑफला, स्टार्टर मात्र चालू ठेवायचा. नुसत्या हवेने आतली उष्णता आणि साचलेलं इंधन बाहेर पडतं.

पेटलं, पण एनजी आयडलच्या खालीच रेंगाळला, तर बॅटरी बघा. स्टार्टच्या आधी २४ व्होल्ट तरी हवेत. चेकलिस्ट वाचत दहा मिनिटं सगळे पडदे चालू ठेवून बसलात, तर तिचा जीव तिथेच जातो. तसं झालं असेल तर ग्राउंड पॉवर (विमानाबाहेरून दिलेली वीज) लावा. स्टार्टर ३० सेकंदांपेक्षा जास्त ताणू नका, मग मिनिटभर थांबा. सिम्युलेटर माफ करतो म्हणून मी ते पाळत नव्हतो, आता घड्याळ लावून बसतो.