मेडिकलमध्ये ‘अनफिट’? कोर्टात जाण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मालवणकडच्या एका रापणीवाल्या घरातला मुलगा माझ्याकडे आला. केंद्रीय दलाच्या भरतीत मेडिकलला अडकला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला कागद होता: कानाच्या पडद्याला छिद्र, अनफिट. सोबत गावच्या डॉक्टरांचा दाखला, ‘सदर इसम शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त आहे’. कानाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

‘काकांनू, आता कोर्टातच जावया.’

‘रिव्ह्यू मेडिकल, म्हणजे दुसरी तपासणी, दिलंस?’

नव्हतं दिलं. घरी जाऊन बघू म्हणून त्याच रात्री गाडी पकडली होती.

रिव्ह्यू सोडून घरी येऊ नका

बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफसारख्या दलांत आधी सविस्तर तपासणी होते. त्यात नापास झालात तर रिव्ह्यू मागता येतो. हल्ली तो शक्यतो लगेचच उरकतात, म्हणून मुदत आपल्या भरतीच्या जाहिरातीत आधीच वाचून ठेवा आणि हातात दोन दिवस राखूनच परतीचं तिकीट काढा. हातातला उपाय न वापरता कोर्टात गेलात, तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

कोर्ट तुमची तपासणी करत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज हा. न्यायाधीश कान तपासत नाहीत, तपासणी नियमाप्रमाणे झाली का ते बघतात. ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचे निकष एकत्र मांडले. पहिल्या तपासणीच्या आणि रिव्ह्यूच्या, दोन्ही वैद्यकीय मंडळांनी एकाच कारणावर अनफिट म्हटलं, तर न्यायालय सहसा हात घालत नाही. पण दोन्ही अहवालांत मेळ नसेल, किंवा तज्ज्ञाची गरज असलेल्या आजारावर तज्ज्ञाविनाच निर्णय झाला असेल, तर फेरतपासणीचा आदेश मिळू शकतो. म्हणून तुम्हाला कोणी तपासलं, कान-नाक-घसा तज्ज्ञ होते का, कुठली चाचणी झाली, हे त्याच दिवशी तारखेसकट वहीत लिहा. मिळालेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढा.

बाहेरच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर फार भिस्त ठेवू नका. दलाच्या डॉक्टरांना नोकरीतले कष्ट ठाऊक असतात, असं याच न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं होतं. दाखला घ्यायचाच तर त्याच अवयवाच्या तज्ज्ञाचा, शक्यतो सरकारी रुग्णालयातून आणि नेमक्या त्याच कारणावर घ्या.

आणि मूळ निकषच जाचक वाटतो म्हणून भांडू नका. या दलांच्या शिपाई भरतीत चष्म्याविना एका डोळ्याची नजर 6/6 आणि दुसऱ्याची 6/9 लागते, लेसिक (चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया) चालत नाही. गोंदण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान असेल तर चालतं. सलामाच्या उजव्या हातावर चालत नाही. जत्रेत हौसेने हात पुढे करणाऱ्या पोरांना हे कोणीतरी आधी सांगायला हवं.

चुकीचं दार

या केंद्रीय दलांचे वाद ‘कॅट’मध्ये, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, चालत नाहीत. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करावी लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांना त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय. रायगड, ठाणे, पालघरला मात्र मुंबईच. राज्य पोलीस भरतीचा वाद असेल तर आधी ‘मॅट’, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण.

माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत महिने घालवू नका. ही दलं कलम 24 खाली त्या कायद्यातून वगळलेली आहेत. अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचा. भरतीचा अंतिम निकाल लागण्याआधी वकिलांकडे पोहोचणं जास्त मोलाचं.

उंचीचं एक वेगळं. मराठा उमेदवाराला 170 ऐवजी 165 सेंटिमीटरची सवलत आहे, पण ठरलेल्या नमुन्यातला दाखला मोजमापाच्या दिवशी हातात हवा. नंतर दिलेला कोणी बघत नाही.

त्या मुलाचा कान आम्ही पुढे तज्ज्ञाला दाखवला. पडदा शाबूत होता. मळ घट्ट बसला होता, तो दहा मिनिटांत निघाला. तोवर भरतीची यादी लागून गेली होती.