रात्री घरात चोर शिरला तर कायदा कुठपर्यंत आपल्या बाजूने?

चोराला मारलं तर आपणच आत जाऊ, ही भीती अनेकांना असते. ती पूर्ण खरी नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाबद्दल आहेत, आणि ती घरमालकाला बरंच बळ देतात.

कलम 41 नीट लक्षात ठेवा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणी घरफोडी करत असेल, तर प्रतिकारात त्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. कडी उचकटणं, कुलूप उघडणं, भिंतीवर चढून खिडकीतून आत येणं, हे सगळं घरफोडीतच मोडतं. दिवसा साधी चोरी असेल तर मात्र जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागते.

पण कलम 37 ची मर्यादा कायम आहे: गरजेपेक्षा जास्त इजा नको. लोक चुकतात ते इथेच. चोर कुंपणावरून उडी मारून रिकाम्या हाती पळतोय आणि तुम्ही गल्लीत गाठून त्याच्या डोक्यात काठी घातली, तर तो बचाव राहत नाही. पकडून खांबाला बांधलेल्याला चोपणं तर सरळ गुन्हाच, मग सगळी आळी का जमलेली असेना.

म्हणून आधी दिवे लावा, आरडाओरडा करा, 112 फिरवा. नंतर तुटलेली कडी, सांडलेलं सामान पोलीस येईपर्यंत तसंच राहू द्या. स्वसंरक्षण सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर, म्हणजे इथे तुमच्यावरच येते, तेव्हा हेच कामी येतं.