फोर्क वापरलेला चॅट क्लायंट बंदच होत नव्हता: माझा अनुभव

लक्षण असं: सी भाषेतला साधा टीसीपी चॅट क्लायंट. फोर्क हा कॉल चालू प्रोसेसची दुसरी प्रत तयार करतो; मूळ ती पालक, नवी ती मूल. पालक प्रोसेस कीबोर्ड वाचून सॉकेटवर (जोडणीच्या आपल्या टोकावर) लिहिते, मूल प्रोसेस सॉकेट वाचून स्क्रीनवर छापते. संदेश दोन्हीकडून नीट जातात, पण कंट्रोल-डी (इनपुट संपल्याची खूण) दाबलं की समोरच्याला कळतच नाही आणि जोडणी एस्टॅब्लिश्ड (म्हणजे चालूच) राहते.

पालकात सॉकेटवर क्लोज केलं, उपयोग शून्य. मुलाला थेट किल केलं तर वाटेत असलेले शेवटचे संदेश हरवले. फार वैताग आला.

कारण फोर्कमध्येच आहे. फोर्कनंतर तोच सॉकेट दोन्ही प्रोसेसकडे उघडा असतो. क्लोज फक्त आपली प्रत सोडतं. शेवटची प्रत सुटेपर्यंत कर्नल फिन (आता आणखी काही पाठवणार नाही, हा टीसीपीचा इशारा) पाठवत नाही. शटडाउन मात्र प्रती मोजत नाही, थेट जोडणीवरच काम करतं.

म्हणून क्रम असा. फोर्कच्या आधी गेटपिडने (हा कॉल स्वतःचा प्रोसेस क्रमांक देतो) पालकाचा क्रमांक जपून ठेवा (मुलात पालकाचा क्रमांक देणाऱ्या गेटपीपिडवर विसंबू नका, पालक आधी संपला तर ते भलताच क्रमांक देतं). पालकात कीबोर्डच्या रीडने ० (म्हणजे वाचायचं संपलं) दिलं की सॉकेटवर शटडाउन, दुसरा आर्ग्युमेंट शट_डब्ल्यूआर (फक्त लिहिण्याची बाजू बंद). लगेच एक्झिट नको, वेटपिडवर (मूल संपेपर्यंत) थांबा. मुलात सॉकेटच्या रीडने ० दिलं की जपलेल्या क्रमांकाला सिगटर्म (प्रोसेस संपवणारा सिग्नल) पाठवा, मग एक्झिट. हा सिगटर्म गाळू नका: समोरच्याने आधी जोडणी सोडली, तर पालक कीबोर्डच्या रीडमध्येच अडकून राहतो.

दोन्ही टोकांना हाच क्लायंट चालवून पाहिला. आता कुठूनही कंट्रोल-डी दाबा, चारही प्रोसेस संपतात आणि शेवटची ओळही पोचते.