बडोद्यात राहून गणित-विज्ञान शिक्षणातल्या पीएचडीचा प्रस्ताव कसा तयार करावा

एम.एस्सी. करून दोन-तीन वर्षं शाळेत किंवा क्लासमध्ये शिकवलेला माणूस शिक्षणातल्या पीएचडीकडे वळला की पहिल्या मसुद्याचं शीर्षक जवळपास ठरलेलं असतं: ‘इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीवर अमुक पद्धतीची परिणामकारकता’. एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, शेवटी टी-मूल्य, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारा आकडा. ही वाट सोडा. दोन वर्गांत मिळून ऐंशी मुलं असली तरी तुलना दोनच वर्गांची होते. शिक्षक वेगळे, तासाची वेळ वेगळी, शिकवणीला जाणारी मुलं कुठे जास्त तर कुठे कमी. गुणांत फरक दिसला तरी तो पद्धतीमुळेच पडला, हे कशावरून? मुलाखतीत समिती इथेच पकडते.

एकच संकल्पना घ्या आणि मुलं तिथे काय विचार करतात ते खणून काढा.

दशांश अपूर्णांक पाहू. सातवीच्या वर्गाला ०.४, ०.३५ आणि ०.१२५ चढत्या क्रमाने लावायला सांगितलं. ‘आकडे जास्त तेवढी संख्या मोठी’ असं धरून चालणारं मूल ०.४, ०.३५, ०.१२५ लिहितं आणि लगेच सापडतं. पण ‘आकडे जास्त म्हणजे तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान’ असं मानणारं मूल ०.१२५, ०.३५, ०.४ लिहून पूर्ण गुण घेऊन जातं. विचार चुकीचा, उत्तर बरोबर. अशा चाचणीच्या सरासरीतून काहीच कळत नाही.

म्हणून जोड्या करा. पाच-सहा जोड्या अशा, की जास्त आकड्यांची संख्या मोठी असेल: ०.३ आणि ०.४५. तितक्याच जोड्या उलट: ०.४ आणि ०.३५. पहिल्या समजुतीचं मूल दुसरा गट जवळजवळ सगळा चुकवतं, दुसऱ्या समजुतीचं मूल पहिला. दोन्ही गट बरोबर सोडवणाऱ्यांसाठी ०.४५ आणि ०.४५३ ठेवा, रुपये-पैशांच्या हिशेबाने दोनच स्थळं बघणारी मुलं इथे ‘सारख्याच’ म्हणतात. जोडीला ०.५ आणि ०.५०. एकूण पंधराएक जोड्या, वीस मिनिटं पुरतात. गुणांची बेरीज करू नका; कोणत्या जोड्या एकत्र चुकल्या तो नमुना नोंदवा.

इथे बडोद्याचा फायदा आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या कितीतरी घरांत बोली मराठी आणि शाळा गुजराती किंवा इंग्रजी. ०.३५ हे ‘शून्य पॉइंट पस्तीस’ असं वाचलं की पस्तीस हा आकडा चारच्या समोर उभा राहतो. ‘शून्य दशांश तीन पाच’ वाचलं तर तसं होत नाही. मराठीत आणि गुजरातीतही पस्तीस-पांत्रीस म्हणताना एकक आधी येतो, तोही गुंता आहेच. कोणतं मूल कोणत्या भाषेत संख्या मनात वाचतं आणि त्याचा तुलनेवर परिणाम होतो का, हा प्रश्न एका पीएचडीला पुरेसा आहे. परिणाम होतोच असं आधीच गृहीत धरू नका.

प्रस्तावाआधी छोटी चाचपणी करा: एक वर्ग, साधारण तीस मुलं. नंतर सहा ते आठ मुलांशी प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं बोला. ही मुलं गुणांवरून निवडू नका, उत्तरांचे नमुने वेगवेगळे असतील अशी निवडा. ‘का चुकलं?’ असं कधीही विचारू नका. ‘हे कसं ठरवलंस, मला समजावून सांग’ एवढंच. सवयीने तोंडातून ‘छान!’ निघून जातं आणि तिथून पुढे मूल विचार सांगायचं सोडून तुमचा चेहरा वाचू लागतं. शिक्षकी पेशातल्यांना हे सगळ्यात जड जातं. ध्वनिमुद्रण जसंच्या तसं उतरवा. गुजराती शब्द ‘शुद्ध’ करून मराठीत घालू नका, कारण तीच तुमची माहिती आहे. तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास लागतात, मिश्र भाषेत त्याहून जास्त. वेळापत्रक करताना हे बहुतेक जण विसरतात.

उत्तरांचं वर्गीकरण दोघांनी स्वतंत्रपणे करावं. पन्नासपैकी चाळीस उत्तरांवर एकमत झालं तर ८० टक्के, ऐकायला बरं वाटतं. पण बहुतेक उत्तरं एकाच प्रकारात पडत असतील आणि योगायोगानेच ६० टक्के जुळणं अपेक्षित असेल, तर योगायोगाचा वाटा काढून एकमत मोजणारा कोहेनचा कप्पा (०.८ − ०.६) ÷ (१ − ०.६), म्हणजे ०.५ येतो. मग प्रकारांच्या व्याख्या नव्याने लिहाव्या लागतात.

शाळेची परवानगी लवकर काढा. महापालिकेच्या प्राथमिक शाळांसाठी नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे अर्ज, खाजगी शाळेत मुख्याध्यापक आणि ट्रस्ट. अर्जात किती तास लागतील, ध्वनिमुद्रण होणार का, नावं कशी झाकली जातील हे स्पष्ट लिहा. शाळाशाळांची तुलना होणार नाही हे तर ठळक लिहा, मुख्याध्यापकांची खरी धास्ती तीच असते. पालकांचं संमतीपत्र त्यांना वाचता येईल त्या भाषेत हवं, आणि मुलालाही ‘नको’ म्हणायची मुभा हवी. काम जुलै ते सप्टेंबरमध्ये उरका. नवरात्र लागलं की वर्गाचं लक्ष गरब्यात, मग दिवाळीची सुट्टी, पुढे उत्तरायण आणि परीक्षा.

पूर्वसंशोधनासाठी लांब जायला नको. भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचं पहिलं मोठं सर्वेक्षण एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये सयाजीराव विद्यापीठाच्याच ‘केस’ (सेंटर ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशन) या केंद्राने काढलं. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रबंध उघडला की निष्कर्षाआधी परिशिष्टातली चाचणी बघा आणि वरच्यासारखी चुकीच्या विचाराला पूर्ण गुण देणारी जागा सापडते का ते तपासा. सापडली तर तुमच्या प्रस्तावाचा ‘संशोधनातील उणीव’ हा परिच्छेद तयार झाला.

प्रवेशाचं थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव गटांना ५ टक्के सवलत), किमान ३ आणि सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षं, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट. जून २०२४ पासून नेटचे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात. फेलोशिप न मिळालेल्यांसाठी नेट ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के असा भार असतो आणि ते गुण एक वर्षच ग्राह्य असतात. शिक्षणशास्त्राच्या विभागात तुमची एम.एस्सी. चालते की एम.एड. लागतं, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहूनच पुढे जा. मुंबईला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, म्हणजे टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) केंद्रात, विज्ञान शिक्षणात पीएचडी करता येते आणि तिथे बी.एड.ची अट नाही. शुद्ध गणित किंवा भौतिकशास्त्रातून येणाऱ्यांनी तिथे जरूर अर्ज करावा.

प्रस्ताव स्वतः पाच-सहा पानांचा पुरे. प्रश्न पहिल्याच पानावर, दोन वाक्यांत. महत्त्व, राष्ट्रीय धोरण वगैरेवर अर्ध्या पानाच्या वर जाऊ नका; ते सगळेच लिहितात. वाचलेली जागा चाचणीच्या जोड्यांना, वर्गीकरणाच्या व्याख्यांना आणि महिनावार वेळापत्रकाला द्या. शेवटी नाव बदललेल्या एका मुलाच्या मुलाखतीतल्या सात-आठ ओळी जोडा, आणि त्या ओळींवर तुमचा अर्थ काय व दुसरा कोणता अर्थ निघू शकतो, ते दोन्ही लिहा.