भंगारातल्या पाट्याची सुरी: पाणी देताना घाई नडते

बांधकामावरची सळई फुकट मिळते म्हणून नवशिके तिच्यावरच हात चालवतात. तिच्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, त्यामुळे कितीही ठोकली तरी ती धार धरत नाही. रेल्वेच्या खिळ्यांचंही तेच. शिवाय रेल्वेचा माल बाळगल्याबद्दल 1966 च्या कायद्याखाली अडकाल ते वेगळंच. भंगारवाल्याकडून ट्रकचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंगची पोलादी पट्टी, आणा, त्यात कार्बन साधारण 0.6 टक्के असतो. कोयते करणारे लोहार उगाच पाट्यामागे नसतात. मधल्या भोकाजवळचा भाग मात्र सोडा, तडे बहुधा तिथेच पडतात. आणि जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका, त्या धुराने ताप भरतो.

लोणारी कोळसा, हवेसाठी जुना हेअर ड्रायर, ऐरण म्हणून जाड लोखंडी ठोकळा, सांडशी, डोळ्यांना चष्मा. नारिंगी तापवून ठोका, लाली उतरली की थांबा. आकार आला की कानशीने साफ करा, मुठीची भोकं आत्ताच पाडा. कडक झालेल्या पोलादात ड्रिल शिरत नाही. धारेची कड दीड-दोन मिलिमीटर जाड राहू द्या. सुरुवातीलाच पातळ केली तर पुढे पातं वाकतं किंवा तडकतं.

आता पाणी देणं, म्हणजे तापलेलं पातं बुडवून झटकन थंड करून कडक करणं. ‘लालभडक करा आणि पाण्यात बुडवा’ हा सल्ला ऐकून मी ओळीने तीन पाती घालवली. दोन पाण्यात पडताच ‘टिक्’ असा आवाज करून तडकली. मग तेल वापरलं, तर तिसरं कानशीला दाद न देण्याइतकं कडक झालं आणि सरळ करायला गेलो तेव्हा बिस्किटासारखं तुटलं. तुटलेला छेद पाहिला तर जाड्या रव्यासारखा दाणा! म्हणजे पोलाद नको तितकं तापलं होतं. दुपारच्या उन्हात मी रंगावरून अंदाज घेत होतो, तिथेच चुकलं. उन्हात नारिंगीही फिक्कट लाल दिसतो.

हे काम संध्याकाळी किंवा अंधाऱ्या शेडमध्ये करा, आणि डोळ्यावर नाही, चुंबकावर विश्वास ठेवा. 770 अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून थोडंच पुढे जायचंय. पात्यावर मिठाची चिमूट टाकून बघा. मीठ 801 अंशांना वितळतं. ते वितळलं की रंग आणखी एक छटा उजळू द्या आणि बस. जास्त तापवल्याने जास्त कडक होत नाही, फक्त दाणा वाढतो.

पाणी देण्याआधी तीन वेळा त्याच तापापर्यंत नेऊन स्थिर हवेत थंड होऊ द्या. ठोकताना धरलेला ताण सुटतो, दाणा बारीक होतो. मी ही पायरी कंटाळून गाळायचो आणि निम्मी पाती केळ्यासारखी वाकायची.

पातं बुडवायचं ते तेलात, तेल म्हणजे साधं शेंगदाणा किंवा सूर्यफूल. इंजिनाचं जळकं तेल कोणी सुचवलं तर हात जोडा, त्याचा धूर विषारी. उंच लोखंडी डबा, तीनेक लिटर तेल, जवळ त्याचं झाकण, कारण भडका उडतो. त्या आगीवर पाणी ओतायचं नाही, झाकण घालायचं. तेल 50-60 अंशांपर्यंत कोमट करा. थंड तेल घट्ट असतं, पात्याचा ताप नीट ओढून घेत नाही. पातं टोकाकडून सरळ उभं घाला, धारेच्या दिशेने वर-खाली हलवा. बाजूला हेलकावे दिलेत की वाकलंच.

बाहेर काढल्यावर कानस फिरवा. ती घसरली पाहिजे. खात असेल तर पुन्हा तापवा. घसरली तर पातं काचेइतकं ठिसूळ आहे. माझं एक ओट्यावरून फरशीवर पडून दोन तुकडे झालं, फक्त ‘उद्या करू’ म्हटलं म्हणून. त्याच तासात ओव्हनमध्ये घाला, 200 अंशांवर दोन तास, थंड झालं की पुन्हा दोन तास. ओव्हनच्या चकतीवरच्या आकड्यांवर जाऊ नका, आत वेगळा तापमापक ठेवा. घासून उजळवलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की झालं.

धार लावताना पातं वारंवार पाण्यात बुडवा. ग्राइंडरवर निळं झालेलं टोक वाया गेलं. मूठ बाभळीची, पितळी रिव्हेट, जवसाचं तेल. लिंबू कापून सुरी ओलीच ठेवलीत तर सकाळी गंज दिसेल.