ठाण्यात नाट्य-मेंटॉरशिप करायची म्हणता? मग हे वाचा

मेंटॉरशिपबद्दल विचारायला फोन करणाऱ्या बहुतेक मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, यातून मालिकेत काम मिळतं का?’ नाही मिळत. ऑडिशनवाल्यांचे नंबरसुद्धा मिळत नाहीत. एक नाटक कोऱ्या कागदापासून तिसऱ्या घंटेपर्यंत कसं जातं ते आतून बघायला मिळतं, आणि तुमच्या कामावर लक्ष ठेवणारं एक अनुभवी माणूस काही महिने तुमच्या वाट्याला येतं. फक्त अभिनय शिकायचा असेल तर सरळ एखाद्या शिबिरात नाव घाला, तिथे रोज उभं राहायला तरी मिळेल.

मी केलेला उपक्रम ठाण्यातल्या एका छोट्या संस्थेचा होता. असे उपक्रम पैशाच्या मदतीवर चालतात, मदत आली तर पुढच्या वर्षी होतात, नाहीतर बंद पडतात. त्यामुळे एकाच संस्थेच्या नावावर अडून बसू नका. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या बोलींतून आलेली नवी मुलं घ्यायची आणि प्रत्येकाला लेखन, दिग्दर्शन किंवा प्रकाशयोजनेतलं एक जाणतं माणूस जोडून द्यायचं, अशी आखणी होती. शनिवार-रविवार नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी आणि शेवटी ठाण्याच्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये छोट्या नाटकांचा प्रयोग.

ठाण्याला ही गोष्ट नवी नाही. रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्था यांनी इथेच ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्तीतल्या मुलांनी आपल्या जगण्यातून नाटिका रचायच्या आणि आपणच सादर करायच्या, असं त्याचं स्वरूप. कुणी लिहून दिलेली वाक्यं पाठ करण्यापेक्षा हे फार वेगळं काम आहे, आणि मेंटॉरशिपमध्ये तुमच्याकडून हेच मागितलं जातं.

आता अर्जाकडे येऊ. ‘स्वतःबद्दल सांगा’ असा रकाना असतो आणि तिथेच बहुतेक जण घसरतात. ‘आमची परिस्थिती हलाखीची होती, तरीही मी कलेची आवड जोपासली’ हे वाक्य निवडणाऱ्यांनी इतक्या वेळा वाचलेलं असतं की ते पुढे वाचतच नाहीत. माझे वडील वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. आमचं घर कोपरखैरण्याला, घरातली बोली साताऱ्याची. यातलं ‘हलाखी’ वगैरे मी काही लिहिलं नाही. पोत्याला लावायचा लोखंडी हूक आमच्याकडे दाराच्या कोणत्या खिळ्याला टांगतात, तो लहान मुलांनी उचलला की आई कशी ओरडते, आणि वडील सुट्टीच्या दिवशी एका खांद्यावर कलतं होऊन कसे बसतात, एवढंच लिहिलं. मुलाखतीत सगळे प्रश्न त्या हुकावरच आले. तुमच्याकडेही असं काहीतरी असणारच, ते शोधा.

निवड झाली की एक वेगळी अडचण सुरू होते, आणि हिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. तुम्हाला घेतलेलं असतं तुमच्या पार्श्वभूमीमुळे. त्यामुळे सगळ्यांना मनातून वाटत असतं की तुम्ही ‘तुमच्या समाजाचं नाटक’ करावं. वाईट हेतूने नव्हे, प्रेमानेच. आमच्यात मुंब्र्याची एक मुलगी होती. तिला दोन बहिणींचं एका स्कूटीवरून होणारं भांडण लिहायचं होतं. स्कूटी कुणी कधी न्यायची, पेट्रोल कुणी टाकायचं, आरसा कुणी फोडला. पहिल्या चर्चेत तिला तीन-चार जणांनी विचारलं, ‘पण यात तुमच्या समाजातल्या मुलींचे प्रश्न कुठे आहेत?’ ती गप्प बसली. तिची मेंटॉर ताई म्हणाली, ‘स्कूटी कोण चालवणार, हा प्रश्न नाही तर काय आहे? तू तेच लिही.’ सगळ्या प्रयोगांत सर्वांत जास्त हशा त्या नाटकाला आला आणि शेवटी दोघी चालत निघतात तेव्हा एकही माणूस हसला नाही. माझं स्पष्ट मत आहे, मेंटॉर चांगला की वाईट हे अशा वेळी कळतं. तुम्हाला काय लिहायचंय हे ऐकायच्या आधीच तुमच्यासाठी विषय घेऊन येणारा मेंटॉर कितीही नावाजलेला असो, बदलून मागा. मागता येतो. आमच्यात एकाने मागितला होता, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

उलट बाजूनेही त्रास होतो. नेरूळचा एक मुलगा होता, घरी तुळू बोलणारा, लहानपणी गावी यक्षगान, म्हणजे कर्नाटकातलं पारंपरिक नृत्यनाट्य, शिकलेला. त्याला ती पावलं नाटकात हवी होती. ‘मराठी रंगभूमीवर हे कशाला?’ असं एक गृहस्थ त्याला तोंडावर म्हणाले. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी तसं काही मराठीत करायला सांगितलं म्हणून. ज्याच्या स्मरणार्थ आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो, तेच हे नाटक. त्या गृहस्थांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

बोलीचं एक सांगते. आपल्या प्रेक्षकाला सवय लागलेली आहे, की बोली बोलणारं पात्र म्हणजे नोकर नाहीतर विनोदी मामा. दिवाळे गावचा एक जण आगरी संवाद लिहून आला. बाप होडी विकायला नकार देतो असा प्रवेश. पहिल्या वाचनात ‘मना होरी नाय इकाची’ हे वाक्य आलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. लिहिणाऱ्याचा चेहरा पडला. त्याच्या मेंटॉर सरांनी कुणाला दटावलं नाही, भाषण दिलं नाही. त्याला खाली बसवलं, हातात सुतळी दिली आणि म्हणाले, ‘फाटलेलं जाळं आहे असं समज, हात थांबवू नकोस, आणि वर बघू नकोस.’ गाठ मारता मारता त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. गाठ बसेपर्यंत वाक्य रेंगाळलं आणि ‘इकाची’ म्हणताना सुतळी दातात होती. या वेळी कुणी हसलं नाही. पुढे सरांनी त्या प्रवेशातली निम्मी वाक्यं कापली, कारण हातच सगळं सांगत होते. आगरीतलं वाक्य मात्र एकही प्रमाण मराठीत ‘सुधारलं’ नाही. हाताला काम द्यायची ही युक्ती मी आजही वापरते.

संवाद लिहिणं, उभं राहणं यांतच सगळं शिकणं आहे असं समजून बॅकस्टेजकडे पाठ फिरवू नका. आमच्याकडे प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळणारे एक काका होते. विंगेत एक टेबल, त्यावर कागद पसरलेला, आणि प्रत्येक वस्तूची बाह्यरेखा मार्करने काढलेली. चहाचा कप इथे, किल्ली इथे, चष्म्याचं घर इथे. प्रयोगाआधी ते प्रत्येक वस्तूला हात लावून जात. प्रयोग चालू असताना अंधारात नुसता तळहात फिरवला तरी काय परत आलं नाही ते त्यांना कळे. मला पुढे प्रकाशयोजनेत काम मिळालं त्याची सुरुवात या टेबलाशी झाली. क्यू शीट लिहिताना मी तशीच शिस्त लावली: कोणत्या वाक्याच्या कोणत्या शब्दावर लाइट, किती सेकंदांत चढणार, कुणाच्या एंट्रीवर उतरणार. डिमरवर, म्हणजे दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करायच्या यंत्रावर, बसायला मिळालं तर सोडू नका. अभिनेते ढिगाने असतात, तांत्रिक तालमीला वेळेवर येऊन क्यू नीट देणारं माणूस मात्र शोधावं लागतं. आणि त्या कामाचे पैसेही लवकर सुरू होतात.

पैशांवरून आठवलं. प्रवासखर्च देतात का, हे पहिल्याच दिवशी विचारा, लाजू नका. तालीम लांबली की रिक्षा करावी लागते. नवी मुंबईकरांनी ठाणे-वाशी आणि ठाणे-पनवेल गाड्यांची रात्रीची वेळ बघून ठेवावी आणि ‘मला अमुक गाडी धरायची आहे’ हे आधीच सांगून टाकावं. मुलींनी तर नक्कीच. घरचेही त्याने निवांत राहतात.

संहितेवर नाव कुणाचं, हेही लवकर ठरवा. इम्प्रोव्हायझेशनमधून, म्हणजे तालमीत सुचेल तसं बोलून-खेळून, नाटक तयार होतं तेव्हा वाक्यं पाच जणांची असतात आणि पोस्टरवर ‘लेखन’ पुढे एकच नाव येतं. तालमीची तारीख घालून वही ठेवा, कोणता प्रवेश कुणाकडून आला ते लिहा आणि सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर टाका. कॉपीराइट कायदा लेखकाच्या हक्काचं रक्षण करतो, पण लेखक कोण हे दाखवायला काहीतरी कागद लागतोच. तसंच, जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सरकारी सेन्सॉरकडून, मंजूर करून घ्यावी लागते. संस्था ते करते, पण त्या कामाला तुम्ही सोबत जा. पुढे स्वतःची एकांकिका स्पर्धेला नेताना हे तुम्हालाच करायचं आहे.

पुढचं शिक्षण हवं असेल तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, तिथला पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातल्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. मात्र तिला गुरूकडे किंवा संस्थेत काही वर्षं शिकल्याचा दाखला लागतो, मेंटॉरशिपच्या काही महिन्यांवर भागत नाही. लहानपणी भजनी मंडळात, लोककलेत, यक्षगानात शिकला असाल तर तो काळ कागदावर आणायची व्यवस्था आत्ताच करा.

आणि निवड झाल्याचा फोन येईल तेव्हा संस्थेला एक गोष्ट जरूर विचारा, दुसऱ्या प्रयोगाचं काय? बहुतेक उपक्रमांत शेवटचा प्रयोग होतो, सर्टिफिकेट वाटतात, ग्रुप फोटो होतो आणि नाटक संपतं. पहिल्या प्रयोगाला आपलेच नातेवाईक असतात, ते टाळ्या वाजवणारच. नाटक कुठे पडतं ते अनोळखी प्रेक्षकांपुढे कळतं. आम्हाला दुसरी तारीख मिळाली नव्हती, म्हणून आम्ही स्कूटीचं नाटक वर्गणी काढून एका कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेच्या मध्यंतरात केलं. सेट नव्हता, दोन खुर्च्या आणि एक हेल्मेट. मधला सगळा भाग लांबलाय हे तिथे समोरच्या रांगेतल्या मुलांनी मोबाईल काढले तेव्हा समजलं, आणि पुढच्या रविवारी तो कापायला आम्ही पुन्हा बसलो.